‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणजे नेमके काय?

ऑगस्ट महिना उजाडला की चिखली तालुक्यातील सोयाबीनची शिवारे हिरवीगार होतात आणि त्याच सुमारास शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढविण्याची घाई होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पामुळे ही नोंद शेतकरी स्वतः, आपल्या शेतात उभा राहून, मोबाईलवर करतो. पिकाचे छायाचित्र तेथेच काढावे लागते. शेतात रेंज नसेल तर माहिती व छायाचित्र फोनमध्येच साठवून, गावात आल्यावर ते पाठविण्याची सोय आहे. नुकसानभरपाई असो वा हमीभावाने खरेदी, पुढचे बरेच काही या नोंदीवर अवलंबून असते.

अशा वेळी फोन बंद पडला तर? पडद्यावर कंपनीचे नाव झळकते, क्षणभर थांबते, पुन्हा अंधार होतो आणि पुन्हा तेच नाव. फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला की बहुधा एकच उत्तर मिळते : “लोगोवर अडकला आहे, सॉफ्टवेअर मारावे लागेल.” दुकानदाराचे हे निदान पुष्कळदा बरोबरही असते. परंतु त्या दोन शब्दांना होकार देताना आपण नेमकी कशाला संमती देत आहोत, याची कल्पना फोनच्या मालकास क्वचितच असते. शेतात टिपलेली, पण अद्याप न पाठविलेली पीक नोंद त्या होकारासरशी कायमची पुसली जाते. अंगणवाडी सेविकेचा फोन असेल तर न पाठविलेली माहिती, शिक्षकाचा असेल तर विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे यांचेही तेच होते. म्हणूनच ही क्रिया काय आहे, ती केव्हा करावी आणि करण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्यावी, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राचा मूळ पिंड

मोबाईलमध्ये जी आज्ञावली असते तिचे स्थूलमानाने दोन थर मानता येतील. वरच्या थरात आपण आपल्या सोयीने घेतलेली ॲप्स, छायाचित्रे, संदेश, संपर्क क्रमांक असतात. खालच्या थरात कंपनीने कारखान्यातच बसविलेली मूळ आज्ञावली असते. बटण दाबताच फोन जागा कसा व्हावा, पडदा कसा उजळावा, मनोऱ्याशी संपर्क कसा साधावा, कॅमेरा कसा चालावा, हे सारे हा खालचा थर ठरवितो. त्यालाच फर्मवेअर असे म्हणतात. हा शब्द १९६७ मध्ये ॲशर ऑप्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने प्रथम वापरला. यंत्राचा टणक भाग म्हणजे हार्डवेअर आणि सहज बदलता येणारा भाग म्हणजे सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधला, तुलनेने पक्का बसविलेला म्हणून ‘फर्म’.

दुकानात ऐकू येणारा दुसरा शब्द ‘फ्लॅश’. त्याचा उगम मात्र जपानमध्ये आहे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी वीज गेली तरी मजकूर जपणाऱ्या आणि तरीही विजेनेच पुसता येणाऱ्या स्मृतीचा शोध लावला व १९८४ मध्ये तो जगापुढे मांडला. या स्मृतीचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या झगमगाटाची आठवण झाली आणि ‘फ्लॅश’ हे नाव रूढ झाले. आधी पुसणे आणि मगच लिहिणे हा या स्मृतीचा स्वभावच आहे. जुन्या मजकुरावर नवा मजकूर थेट लिहिता येत नाही. ‘सॉफ्टवेअर मारणे’ या बोलीभाषेतील प्रयोगात ही पुसण्याची बाजू झाकली जाते, आणि नेमकी तीच मालकाच्या दृष्टीने महत्त्वाची असते.

फोनची स्मृती एखाद्या जुन्या वाड्यासारखी खणाखणांत विभागलेली असते. एका खणात फोन जागा करणारी आज्ञावली, दुसऱ्यात मुख्य प्रणाली, तिसऱ्यात मनोऱ्याशी बोलणाऱ्या भागाच्या सूचना, एका लहानशा राखीव खणात त्या फोनची ओळख, आणि सर्वांत मोठ्या खणात मालकाची स्वतःची माहिती. मूळ फर्मवेअर पुन्हा घालणे म्हणजे यांपैकी कंपनीच्या मालकीचे खण रिकामे करून तेथे कंपनीनेच दिलेली कोरी प्रत मांडणे होय. मालकाचा खण बहुतेक वेळा याच ओघात रिकामा होतो.

आधी सोपे उपाय

फोन अडकण्याची कारणे अनेक आहेत. नवी आवृत्ती घेत असताना मध्येच बॅटरी संपणे, साठवणुकीची जागा काठोकाठ भरणे, कोणाच्या तरी सांगण्यावरून अनधिकृत प्रणाली घालण्याचा प्रयत्न फसणे, ही त्यांतील नेहमीची. पाणी शिरणे, बॅटरी फुगणे किंवा स्मृतीची चिपच झिजणे ही कारणे वेगळ्या जातीची. तेथे फर्मवेअर दहा वेळा घातले तरी उपयोग होत नाही. या दोन जातींमध्ये फरक न करता थेट ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा अनेक दुकानांतील प्रघात आहे, आणि तो फारसा शास्त्रीय नाही.

खरे पाहता हा उपाय क्रमाने शेवटचा. प्रथम फोन तासभर चांगल्या चार्जरवर ठेवावा. नंतर चालू-बंदचे बटण, किंवा त्यासोबत आवाज कमी करण्याचे बटण, दहा ते वीस सेकंद दाबून फोन सक्तीने पुन्हा सुरू करावा. बरेच फोन एवढ्यानेच मार्गी लागतात. फोन सुरू होतो पण चालत नाही अशी स्थिती असेल तर ‘सेफ मोड’ मध्ये सुरू करून अलीकडे घेतलेली संशयास्पद ॲप्स काढून टाकावीत. ‘पीएम किसान’ किंवा वाहन दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या बनावट ॲप्सचा उपद्रव बहुधा या पायरीवरच संपतो. संपला नाही तर ‘फॅक्टरी रिसेट’ हा पुढचा उपाय.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. फॅक्टरी रिसेट आणि फर्मवेअर पुन्हा घालणे या दोन क्रिया एक नव्हेत. रिसेट केल्याने केवळ मालकाचा खण रिकामा होतो. कंपनीचे खण जसेच्या तसे राहतात. त्या खणांतच बिघाड असेल तर रिसेटनंतरही फोन लोगोवरच अडकेल. अशा वेळी, आणि अशाच वेळी, मूळ फर्मवेअर घालण्यावाचून गत्यंतर नसते. असाच दुसरा प्रसंग म्हणजे खालच्या थरातच दडलेला घातक प्रोग्राम. ‘ट्रायडा’ नावाचा असा प्रोग्राम काही स्वस्त फोनांमध्ये विक्रीपूर्वीच शिरला होता, हे २०१९ मध्ये गूगलने जाहीरपणे मान्य केले. रिसेटने तो जात नाही. कंपनीची शुद्ध प्रत घातली तरच जातो.

मोहोर आणि तिची तपासणी

कोषागारातील सीलबंद पेटी स्वीकारताना अधिकारी प्रथम लाखेची मोहोर पाहतो. ती तुटलेली असेल तर पेटीत काय आहे याची चौकशी पुढची गोष्ट. पेटीच स्वीकारली जात नाही. आजचा फोन सुरू होताना नेमके हेच करतो. कंपनीने फर्मवेअरवर गणिती पद्धतीने केलेली स्वाक्षरी तो प्रत्येक वेळी तपासतो आणि ती जुळली तरच पुढे जातो. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ही तपासणी कडक झाली. त्यामुळे कंपनीची अधिकृत प्रत कुलूप न तोडता घालता येते. अनधिकृत प्रत घालायची तर आधी ‘बूटलोडर’ चे कुलूप उघडावे लागते.

हे कुलूप उघडताच फोन मालकाची सर्व माहिती पुसतो आणि त्यानंतर प्रत्येक वेळी सुरू होताना इशारा दाखवितो. शिवाय बँकांची व पैसे पाठविण्याची अनेक ॲप्स अशा फोनवर चालण्यास नकार देतात. मूळ फर्मवेअर घालून कुलूप पुन्हा लावले तर बऱ्याच फोनांत ही अडचण दूर होते, सर्वांत मात्र नाही. सॅमसंगच्या गॅलॅक्सी फोनांमध्ये अनधिकृत प्रणाली घातल्याची खूण एका सूक्ष्म फ्यूजवर उमटते. तो फ्यूज एकदा जळला की मूळ फर्मवेअर घालूनही तो पूर्ववत होत नाही आणि फोनमधील काही सुरक्षित सेवा कायमच्या बंद पडतात.

तपासणीची आणखी एक बाजू आहे. नवी आवृत्ती घेतलेल्या फोनमध्ये जुनी आवृत्ती घालता येईलच असे नाही. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या फटी चोरांना ठाऊक झालेल्या असतात, म्हणून फोन स्वतःच मागे जाण्यास नकार देतो. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ही सोय आली. ॲपल कंपनी तर आपल्या फोनसाठी अलीकडच्या आवृत्त्यांवरच मोहोर उमटविते. जुनी प्रत हाताशी असली तरी ती बसत नाही. हा अडसर बळजबरीने ओलांडण्याचा प्रयत्न काही फोनांत जीवघेणा ठरतो. असा फोन पुन्हा सुरू होत नाही. इंग्रजीत त्याला वीट झाली असे म्हणतात. आपल्याकडील दुकानांत ‘डेड झाला’ एवढेच म्हटले जाते.

म्हणून फर्मवेअरची प्रत त्याच कंपनीची, एवढेच पुरेसे नाही. ती त्याच मॉडेलची, त्याच देशासाठी काढलेली आणि फोनमधील आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी असावी लागते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन फोनांच्या आत वेगळी चिप असू शकते. खोक्यावर किंवा फोनच्या माहितीत छापलेला मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतो की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रत कोठून आणावी

काही कंपन्यांनी हे काम सामान्य ग्राहकासही करता येईल असे केले आहे. ॲपलचा फोन संगणकास जोडून मूळ स्थितीत आणता येतो. गूगलच्या पिक्सेल फोनसाठी संकेतस्थळावरूनच ही सोय आहे. मोटोरोलाने ‘सॉफ्टवेअर फिक्स’ नावाचे साधन दिले असून ते फोन ओळखून योग्य ती प्रत आपणच शोधते. इतर अनेक कंपन्यांच्या बाबतीत अधिकृत सेवा केंद्र हाच भरवशाचा मार्ग राहतो. कंपनीच्या संकेतस्थळावर चिखलीचा ४४३२०१ हा पिनकोड टाकल्यास जवळचे केंद्र कोणते ते कळते. त्यासाठी कदाचित दुसऱ्या गावी जावे लागेल, एक दिवस मोडेल. परंतु हमीची मुदत शिल्लक असेल तर हे काम पुष्कळदा विनामूल्यही होते.

गावातील दुरुस्तीच्या दुकानास सरसकट दूषण देणे अन्यायाचे होईल. अतिशय हुशार, स्वतःच्या बळावर शिकलेले कारागीर या व्यवसायात आहेत आणि ग्रामीण भागातील मोबाईल सेवा मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच खांद्यावर उभी आहे. प्रश्न कौशल्याचा नसून प्रतीच्या उगमाचा आहे. इंटरनेटवर कोठून तरी उतरवून घेतलेल्या प्रतीत कोणी काय मिसळले आहे, हे कारागिरासही कळत नाही. तेव्हा प्रत कोठून आणली आणि फोनमधील आवृत्ती कोणती होती, एवढे दोन प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावेत. चांगला कारागीर त्याचा राग मानीत नाही.

काम चालू असताना वीज जाणे हा या क्रियेतील सर्वांत मोठा धोका. मालाचा ट्रक अर्ध्या घाटात बंद पडावा तशी फोनची अवस्था होते : जुने पुसले गेलेले, नवे पूर्ण न लिहिलेले. ज्या गावांत भारनियमन होते तेथे बॅटरी भरलेला लॅपटॉप आणि निम्म्याहून अधिक चार्ज असलेला फोन यांखेरीज हे काम सुरूच करू नये. केबलही फोनबरोबर आलेली असावी. रस्त्यावरील स्वस्त केबल चार्जिंगला चालते, पण या कामात दगा देते.

पुसलेले परत येत नाही

“सगळे फोटो परत काढून देतो,” असे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर विसंबू नये. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीसह विकल्या गेलेल्या नव्या फोनांतील मालकाची माहिती गुप्त लिपीत साठविलेली असते आणि ती उलगडण्याची किल्ली फोनमध्येच असते. खण रिकामा करताना ही किल्ली नष्ट होते. पुढे कोणी चिप काढून वाचली तरी हाती निरर्थक आकडेच लागतात. चोराच्या हाती पडलेल्या फोनच्या दृष्टीने ही मोठी सुरक्षा. निष्काळजी मालकाच्या दृष्टीने तीच शिक्षा.

फोन थोडा वेळ जरी सुरू होत असेल तरी तेवढ्या वेळात प्रथम ई-पीक पाहणीतील न पाठविलेल्या नोंदी पाठवाव्यात. त्या नोंदी दुसऱ्या कोणाकडे नसतात. छायाचित्रे, संपर्क क्रमांक आणि व्हॉट्सॲपवरील संवाद यांची प्रत त्यानंतर घ्यावी. सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवावे. फोन मुळीच सुरू होत नसेल आणि नोंदी आतच अडकल्या असतील तर मुदत संपण्याची वाट न पाहता दुसऱ्या फोनवरून नोंद पुन्हा करावी किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्यास (पूर्वीचे तलाठी) गाठावे. शेतकऱ्याची मुदत संपल्यावर सहायकामार्फत नोंद करण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी आधी कोणाला तरी कळलेले असले पाहिजे.

आणखी एक अडचण खेड्यांत विशेष जाणवते. फोन मूळ स्थितीत आणल्यावर तो पहिल्यांदा सुरू होताना आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. चोरीचा फोन पुसून विकता येऊ नये म्हणून २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ही व्यवस्था आहे. परंतु अनेकांचे खाते फोन विकत घेताना विक्रेत्यानेच उघडून दिलेले असते. पासवर्ड कोणाच्याच लक्षात नसतो, आणि खरा मालक आपल्याच दाराबाहेर उभा राहतो. खात्याचे नाव आणि पासवर्ड घरातील एखाद्या वहीत लिहून ठेवणे यासाठीच बरे.

पंधरा आकडी ओळख

प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. *#०६# हे बटणांवर टिपताच तो पडद्यावर दिसतो आणि खोक्यावरही छापलेला असतो. फोनच्या स्मृतीत तो राखीव खणात असल्यामुळे अधिकृत पद्धतीने फर्मवेअर घातल्यास त्याला धक्का लागत नाही. परंतु काही साधनांत सर्व खण एकदम पुसण्याची सोय असते आणि घाईत ती वापरली की हा क्रमांकही जातो. फोन सुरू होतो, मात्र त्याला रेंज मिळत नाही. मग एखादा दुसराच क्रमांक त्यात भरून वेळ मारून नेली जाते. हा गुन्हा आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार असा फेरफार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि त्या बनावट क्रमांकाचा मूळ फोन एखाद्या फसवणुकीत वापरला गेलेला निघाला, तर चौकशीचा पहिला फेरा निरपराध मालकाच्या घरी येतो. फोन दुकानात देण्यापूर्वी हा क्रमांक टिपून ठेवावा, परत घेताना पुन्हा पाहावा. केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ या मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या सेवेवर तो खरा आहे की नाही हेही तपासता येते.

या उपायाची मर्यादा

मूळ फर्मवेअर फोनला कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा करते. त्याहून चांगला करीत नाही. हे सांगण्याचे कारण महाराष्ट्राच्या अलीकडच्या अनुभवात आहे. पोषण अभियानात राज्यातील अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये स्मार्टफोन देण्यात आले. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापतो, अडकतो, त्याची स्मृती अपुरी आहे, हमीची मुदत संपल्यामुळे दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यावर पडतो आणि ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. यातील अडकण्याची तक्रार एखाद्या फोनपुरती फर्मवेअर घालून तात्पुरती मिटलीही असती. परंतु स्मृतीचा आकार कोणत्याही प्रतीने वाढत नाही. ॲप वर्षागणिक जड होत जाते, फोन मात्र आहे तेवढाच राहतो. वारंवार अडकणाऱ्या फोनात वारंवार सॉफ्टवेअर मारीत बसणे हा अशा वेळी पैशाचा आणि वेळेचा अपव्यय होय. फोन बदलण्याची मागणी लेखी नोंदविणे अधिक योग्य.

शासकीय फोनच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेला असतो आणि त्यातील माहिती कर्मचाऱ्याची खाजगी नसते. तेव्हा त्यातील माहिती पुसणारे कोणतेही काम वरिष्ठ कार्यालयाच्या लेखी संमतीखेरीज बाहेरच्या दुकानात करून घेऊ नये. संमतीच्या पत्रात मॉडेल क्रमांक, आयएमईआय आणि शेवटची माहिती कोणत्या दिवशी पाठविली ती तारीख नमूद करावी.

फोन सुरू झाल्यावर प्रथम कंपनीने दिलेल्या नव्या सुरक्षा आवृत्त्या घ्याव्यात, मगच इतर ॲप्स. ही ॲप्स अधिकृत ‘प्ले स्टोअर’ मधूनच घ्यावीत. कोणी पाठविलेली फाइल उघडू नये. बँकेच्या व यूपीआयच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी बँकेत दिलेल्या क्रमांकाचेच सिमकार्ड फोनमध्ये असावे लागते. ई-पीक पाहणीतही नव्याने नोंदणी करावी लागते. आधी पाठविलेल्या नोंदी शासनाच्या संगणकावर सुरक्षित असतात. कोणत्या गटाची नोंद पोहोचली आणि कोणत्या गटाची राहिली, हे ॲपमधील गावाच्या यादीत पाहून राहिलेल्या गटांसाठी पुन्हा शेतात जावे.